शेजारचा ठिपका

गोळीच्या पाकिटावर जे नाव छापलंय तेच औषध आत आहे का, हे तपासायची स्वस्तातली पद्धत कोणती, असं फार्मसीच्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो टीएलसीचं, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचं नाव घेतो. तोच मुलगा पुढे औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला की टीएलसीच्या वाटेला फारसा जात नाही. शिकताना जिच्यावर भिस्त ठेवली, ती पद्धत पगार मिळायला लागल्यावर मागास कशी ठरते? हा प्रश्न फार्मसीच्या चार भिंतींत राहणारा नाही, कारण त्यात रुग्णांचे जीव गुंतलेले आहेत. म्हणून दोन्ही बाजू इथे दोन कल्पित पात्रांच्या तोंडून मांडल्या आहेत. एक आहेत फार्मास्युटिकल केमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मॅडम. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एचपीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं मशीन चालवणारा अ‍ॅनालिस्ट.

प्रॅक्टिकल संपलंय. टेबलावर मुलांनी चालवलेली एक प्लेट आहे, सिलिका जेलचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर असलेली. खाली पेन्सिलीची रेघ आहे, कारण पेनची शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते. रेघेवर कॅफीन, पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन असे चार ठिपके, आणि पाचवा ठिपका बाजारातल्या एका गोळीच्या अर्काचा. सॉल्व्हंटच्या मानाने ठिपका किती वर चढला, तो त्याचा आरएफ. सॉल्व्हंट एथिल अ‍ॅसिटेट, त्यात किंचित अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड.

अ‍ॅनालिस्ट : मॅडम, मुलांची जर्नल्स चाळली. पॅरासिटामॉलचा आरएफ एकाने 0.34 लिहिलाय, दुसऱ्याने 0.38, तिसऱ्याने 0.41. औषध एक, सॉल्व्हंट एक, आणि आकडे तीन. आमच्याकडे पदार्थ कॉलममधून बाहेर पडायचा वेळ, रिटेन्शन टाइम, इतका हलला तर मशीन थांबवून कारण शोधावं लागतं.

मॅडम : आकडे हलले हे खरं. क्रम हलला का?

अ‍ॅनालिस्ट : नाही. सगळ्यांकडे कॅफीन तळाशी, त्याच्यावर पॅरासिटामॉल, मग अ‍ॅस्पिरिन, आणि सगळ्यांत वर आयबुप्रोफेन.

मॅडम : मग आधी क्रमाबद्दल बोल. मुलांना दरवर्षी वाटतं की हलका रेणू पुढे पळत असणार. रेणुभार बघ. पॅरासिटामॉल 151, अ‍ॅस्पिरिन 180, कॅफीन 194, आयबुप्रोफेन 206. सगळ्यांत जड रेणू सगळ्यांत पुढे गेलाय, आणि त्याच्या खालोखाल जड असलेला जागचा हललेला नाही. इथे वजनाचं काही चालत नाही. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट दाटीवाटीने उभे असतात आणि ते हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन पुढे करतात. कॅफीनकडे दोन कार्बोनिल आणि एक मोकळा नायट्रोजन आहे, म्हणजे हायड्रोजन स्वीकारायला जागाच जागा. पण द्यायला त्याच्याकडे एकही नाही, बाकीच्या तिन्ही नायट्रोजनांवरचे हायड्रोजन मिथिल गटांनी व्यापलेत. एथिल अ‍ॅसिटेटही फक्त स्वीकारणारंच. ते कॅफीनला काय देणार? म्हणून कॅफीन सिलिकाला धरून बसतं.

अ‍ॅनालिस्ट : आणि पॅरासिटामॉलकडे फिनॉलचा ओएच आहे, अमाइडचा एनएच आहे. एथिल अ‍ॅसिटेट त्यांना धरू शकतं, म्हणून थोडं वर ओढून नेतं.

मॅडम : बरोबर. आता तो ओएच काढून तिथे एथॉक्सी गट बसव. झालं फेनॅसिटीन, पॅरासिटामॉलचं जुनं भावंड, मूत्रपिंडांना घातक म्हणून बाजारातून गेलेलं. त्याच प्लेटवर ते पॅरासिटामॉलच्या वर सापडेल. रेणूच्या एका टोकाला केलेला एवढासा बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि तोही अर्ध्या तासात! आयबुप्रोफेनला तर पकड घ्यायला एकच कार्बोक्सिलिक गट, बाकी सगळा हायड्रोकार्बन. ते सुटतंच.

अ‍ॅनालिस्ट : अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं नसतं तर अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनचे ठिपके राहिले नसते. शेपट्या झाल्या असत्या.

मॅडम : कारण आम्लाचे काही रेणू आयनरूपात जातात, काही जात नाहीत, आणि दोघांची चाल वेगळी. थोडं जास्तीचं आम्ल घातलं की सगळे एकाच रूपात राहतात. अल्कलॉइड चालवायची असतील तर उलट करायचं, अमोनिया किंवा डायएथिलअमाइन घालायचं. हे मुलांनी हाताने करून पाहिलं की आम्ल-अल्कलीचं प्रकरण त्यांना पुन्हा शिकवावं लागत नाही.

इथपर्यंत दोघांत भांडण नाही. रसायनशास्त्र शिकवण्यासाठी टीएलसीची प्लेट अप्रतिम आहे, हे कंपनीतला माणूसही मान्य करतो. फाटा फुटतो तो पुढे, त्या पाचव्या ठिपक्यापाशी.

अ‍ॅनालिस्ट : आता हा गोळीचा ठिपका. पॅरासिटामॉलच्या शेजारी, त्याच उंचीवर आलाय. मुलांनी निष्कर्ष लिहिलाय, ‘दिलेल्या नमुन्यात पॅरासिटामॉल आहे.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे, मॅडम. आरएफ शून्य ते एक यांच्या मध्येच असतो. ठिपक्याची स्वतःची रुंदी धरली तर एका प्लेटवर एकमेकांपासून सुटे असे दहा-बारा ठिपके मावतील. बाजारात औषधं किती? त्यातली कितीतरी याच उंचीवर येऊन बसतील. उंची जुळली म्हणून ओळख पटली असं कसं म्हणायचं?

मॅडम : म्हणायचं नाहीच. ते वाक्य चुकलंय आणि मी ते लाल शाईने खोडणार आहे. ‘या सॉल्व्हंटमध्ये नमुन्याचा ठिपका पॅरासिटामॉलच्या ठिपक्यापासून वेगळा ओळखता आला नाही’, एवढंच ही प्लेट सांगते.

अ‍ॅनालिस्ट : मग तिचा उपयोग काय?

मॅडम : उंची जुळली नसती तर? पॅरासिटामॉल म्हणून विकलेल्या गोळीचा ठिपका त्या उंचीवर नसता, किंवा ठिपकाच उमटला नसता, तर मला दुसरा पुरावा लागला नसता. ‘हो’ म्हणायला टीएलसी दुबळी आहे. ‘नाही’ म्हणायला ती समर्थ आहे. लोक तिच्याकडे होकार मागतात आणि मग तिला नावं ठेवतात.

अ‍ॅनालिस्ट : नकारही इतका सोपा नाही. ही प्लेट 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरू या. थरातला निर्देशक हिरवा चमकतोय, आणि जे रेणू ती किरणं शोषतात त्यांचे काळे ठिपके दिसतायत. कॅफीन, पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन ठळक आहेत. आयबुप्रोफेन मात्र जेमतेम दिसतंय, कारण ते या तरंगलांबीला फार कमी शोषतं. एखादा घाईतला तपासनीस ‘आयबुप्रोफेन नाही’ असं लिहून मोकळा होईल. दिसलं नाही आणि नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा नकारही खोटा ठरू शकतो.

मॅडम : हा मुद्दा पक्का आहे आणि तो मी वर्गात सांगते. पण त्याचं उत्तर याच प्लेटवर आहे. शुद्ध आयबुप्रोफेनचा ठिपका नमुन्याच्या शेजारी लावलाय ना? तोही फिका दिसतोय. म्हणजे बघायची रीत अपुरी आहे हे प्लेट स्वतःच सांगते. मग ती आयोडीनच्या बरणीत ठेवायची, आयबुप्रोफेन तपकिरी उमटेल. शेजारचा स्टँडर्ड दिसतोय आणि नमुन्यात त्या जागी काही नाही, तेव्हाच ‘नाही’ म्हणायचं. शेजारी स्टँडर्ड नसेल तर होकाराचं सोड, नकारही द्यायचा नाही.

अ‍ॅनालिस्ट : म्हणजे आरएफच्या आकड्याला काही किंमत नाही, असंच तुम्ही म्हणताय.

मॅडम : एकट्या आकड्याला नाही. पावसाळ्यात मुंबईत उघडी राहिलेली प्लेट हवेतलं पाणी ओढते, सिलिकाची पकड सैल होते आणि ठिपके वर सरकतात. म्हणून ती ओव्हनमध्ये तापवून घ्यायची. चेंबर सॉल्व्हंटच्या वाफेने भरला नसेल तर कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वेगळे चढतात. नमुना जास्त लावला तर ठिपका लांबट होतो. मुलांचे तीन आकडे तिथूनच आलेत. पण जो पाऊस नमुन्याला बाधतो तोच शेजारच्या स्टँडर्डलाही बाधतो. दोघं एकाच थरावर, एकाच वेळी, एकाच वाफेत चाललेले असतात. तुमच्या मशीनवर स्टँडर्ड आधी जातो, नमुना नंतर. इथे दोघं बरोबर निघतात.

आकड्यांवर विसंबायचं तर काय काय करावं लागतं हे न्यायवैद्यकाने दाखवून दिलं आहे. शेकडो औषधं आणि विषं यांचे आरएफ ठरावीक सॉल्व्हंटमध्ये मोजून त्यांचे तक्ते छापले गेले. पण प्रत्येक सॉल्व्हंटसाठी काही संदर्भ औषधंही नेमून दिली. ती त्याच प्लेटवर चालवायची, आणि आपल्या प्लेटवर ती जितकी सरकली असतील त्या मानाने नमुन्याचा आकडा दुरुस्त करायचा. म्हणजे तक्ता हाताशी असतानाही शेजारचा ठिपका सुटत नाहीच. शिवाय एका सॉल्व्हंटवर कोणी थांबत नाही. मॉर्फिन आणि कोडीन यांच्यात फरक एका मिथिल गटाचा. मिथेनॉल-अमोनियाच्या मिश्रणात दोघं इतकी जवळ येतात की घोटाळा व्हावा. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये मात्र कोडीन स्पष्टपणे वर जातं. एका प्लेटवर जुळलेले दोन पदार्थ दुसऱ्या, वेगळ्या स्वभावाच्या सॉल्व्हंटमध्येही जुळले तर मगच संशयाला बळ येतं.

अ‍ॅनालिस्ट : ठीक, ओळखीचं झालं. पण औषध आहे का, एवढाच प्रश्न नसतो. किती आहे? पॅरासिटामॉलच्या गोळीत छापलेल्या मात्रेच्या 95 ते 105 टक्के औषध हवं. 88 टक्के असलेल्या गोळीचा ठिपका तुम्हाला शंभर टक्क्यांसारखाच दिसेल. आणि गोळी पोटात विरघळते की तशीच बाहेर पडते? प्लेटसाठी तुम्ही ती खलात कुटता आणि मिथेनॉलमध्ये विरघळवता. तिथेच तो प्रश्न पुसला जातो. डिसोल्यूशन टेस्टला टीएलसीकडे उत्तर नाही.

मॅडम : नाही. तिथे तुझं मशीनच हवं.

इथे अ‍ॅनालिस्टचं म्हणणं निर्विवाद आहे, आणि टीएलसीच्या चाहत्यांनी ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. ग्लोबल फार्मा हेल्थ फंड या जर्मन संस्थेने ‘मिनिलॅब’ नावाची एक सुटसुटीत प्रयोगशाळा तयार केली. पेट्यांत मावणारी ही प्रयोगशाळा आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत बनावट औषधं हुडकायला वापरली जाते. तिचा कणा टीएलसीच आहे. तिथे स्टँडर्डचे दोन ठिपके लावतात, एक पूर्ण मात्रेचा, दुसरा 80 टक्क्यांचा, आणि नमुना त्या दोघांशी ताडून पाहतात. औषधच नसलेली किंवा निम्म्या मात्रेची गोळी त्यात पकडली जाते. किंचित कमी मात्रेची निसटते. आणि डोळा कितीही तयार झालेला असला तरी सकाळच्या आणि संध्याकाळच्या निवाड्यात फरक पडू शकतो. गोळी बाजारात सोडायचा निर्णय असल्या निवाड्यावर कोणी घेऊ नये.

अ‍ॅनालिस्ट : मग वाद संपला की. औषध पारखायचं तर एचपीएलसी, शिकवायचं तर टीएलसी.

मॅडम : वाद आता सुरू होतो. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय झालं, ठाऊक आहे ना?

अ‍ॅनालिस्ट : रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. चौदा रुग्ण दगावले. चौकशीला लेंटिन आयोग नेमला गेला.

मॅडम : डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरॉलसारखं, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. अमेरिकेत 1937 साली सल्फानिलामाइडच्या एलिक्झिरमधून त्याने शंभरावर माणसं मारली होती. जे. जे. नंतर छत्तीस वर्षांनी गांबियात साठाहून जास्त मुलं गेली, आणि ती सिरपं आपल्या देशात बनलेली होती. 2025 साली छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याचं औषध घेऊन आजारी पडली. त्यांतली बरीचशी नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. त्या सिरपमध्ये हे विष जवळजवळ निम्मं निघालं, आणि परवानगी आहे 0.1 टक्क्यापर्यंत. मला सांग, निम्मं विष ओळखायला तीन दशांश स्थळं लागतात का?

अ‍ॅनालिस्ट : नाही लागत. पण ते यूव्हीत दिसतच नाही, मॅडम. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये किरणं शोषणारं काही नाही. 254 च्या दिव्याखाली तुमची प्लेट साफ हिरवी दिसेल.

मॅडम : तुझ्या एचपीएलसीचा यूव्ही डिटेक्टर तरी काय दाखवेल? सपाट रेघ. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. प्लेटवर मात्र पोटॅशियम परमँगनेट फवारलं की पुरे, अल्कोहोलं ऑक्सिडाइज होतात आणि जांभळ्यावर पिवळे डाग उमटतात. सिरपातली साखर रेघेपाशीच अडकून राहते, ग्लिसरॉल खाली राहतं, डायएथिलीन ग्लायकॉल त्याच्या वर चढतं. शेजारी शुद्ध डायएथिलीन ग्लायकॉलचा ठिपका लावलेला असला की झालं. कच्च्या मालाचं पिंप कारखान्याच्या फाटकातून आत येतं तेव्हाच हे करता येतं. त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, हेलियमचा सिलिंडर लागत नाही, तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

अ‍ॅनालिस्ट : आमच्याकडे प्रत्येक पिंप गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासलं जातं.

मॅडम : तुमच्याकडे. विषारी सिरप तुमच्यासारख्या कारखान्यातून आलेलं नसतं. ज्या छोट्या कारखान्यात पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून पिंप थेट टाकीत ओतलं जातं, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ नसतो किंवा बंद पडलेला असतो. त्या माणसाला ‘मशीन नव्हतं’ म्हणायची सोय राहता कामा नये. काचेची प्लेट आणि बरणी नव्हती, असं कोणत्या तोंडाने म्हणेल?

अ‍ॅनालिस्ट : जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही तशीच दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर टीएलसी, तिथे संशय आला की दुसऱ्या पायरीवर गॅस क्रोमॅटोग्राफी.

मॅडम : मग तू आणि मी भांडतोय कशासाठी? चाळणी आणि तराजू यांची कामं वेगळी. चाळणीवर वजन करू नये हे तुझं म्हणणं मला मान्य. तराजू नाही म्हणून कोणी न चाळताच पीठ मळलं तर ते मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट अ‍ॅनालिस्टच्या बाजूचं कोणी सहसा सांगत नाही, ती मॅडमच्या पथ्यावर पडणारी आहे. एचपीएलसीच्या कॉलमवर टोचलेला पदार्थ बाहेर पडून डिटेक्टरपुढे आला तरच दिसतो. आतच चिकटून राहिला तर त्याची खबर लागत नाही. प्लेटवर लावलेला, न उडून जाणारा प्रत्येक पदार्थ रेघेपासून सॉल्व्हंटच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत कुठेतरी असतोच. दमट हवेत पडून राहिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी घ्या. तिला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण अ‍ॅस्पिरिन फुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तयार झालेलं असतं. प्लेटवर अ‍ॅस्पिरिनबरोबर दुसरा ठिपका येतो, तो अतिनील प्रकाशात निळसर चमकतो आणि फेरिक क्लोराइड फवारलं की जांभळा होतो. औषध, त्याचा बिघाड आणि भेसळ हे सगळं एका नजरेत समोर असतं.

ही पद्धत औषधांच्या परीक्षेसाठीच जन्मली, हेही आज विसरलं गेलंय. 1938 साली खारकिव्हच्या औषधसंशोधन संस्थेत इझमायलोव आणि श्रायबर यांनी काचेवर अ‍ॅल्युमिनाचा थर पसरून त्यावर वनस्पतींच्या औषधी अर्कांचे थेंब टाकले आणि अतिनील प्रकाशात उमटणारी वर्तुळं एकमेकांशी ताडून पाहिली. पुढे जर्मनीत एगॉन श्टाल यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात कणांचा आकार, थराची जाडी आणि चिकटवणारं जिप्सम ठरवून दिलं, आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. आजही आयुर्वेदिक वनस्पतींची ओळख पटवताना हीच पद्धत वापरतात. सांगलीची हळद घेऊन पाहा. कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं पिवळ्या ठिपक्यांच्या रांगेत सुटी होतात, मिथॉक्सी गट जितके कमी तितका ठिपका खाली.

अ‍ॅनालिस्टने जाता जाता एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत तोच सर्वांत नेमका होता. मुलांना प्रॅक्टिकलला दिलेल्या ‘अननोन’मध्ये नेहमी चारांपैकी एक औषध असतंच ना? असतंच, मॅडम म्हणाल्या. म्हणजे मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात तेव्हा त्यांनी प्लेटवरून कधी ‘नाही’ म्हटलेलंच नसतं. ज्या कामासाठी टीएलसी सर्वांत भरवशाची आहे, तेच काम त्यांच्या हातून एकदाही झालेलं नसतं. उत्तर ठरलेलं असतं, मग ठिपका थोडा इकडेतिकडे असला तरी आकडा जुळवून घेतला जातो, आणि तीच सवय पुढे एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पिंपाशेजारी उभी राहते.

फार्मसी महाविद्यालयांतल्या सगळ्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या सत्रापासून प्रत्येक तुकडीत निदान एक ‘अननोन’ नुसत्या स्टार्चच्या गोळीचा द्या, आणि एक असा द्या की ज्यात छापलेल्या नावाऐवजी दुसरंच औषध असेल. नमुन्याशेजारी स्टँडर्ड नसलेल्या प्लेटला गुण देऊ नका. आणि ज्या मुलाने जर्नलमध्ये ‘या नमुन्यात सांगितलेलं औषध सापडलं नाही’ असं लिहून खाली सही केली असेल, त्याला पूर्ण गुण द्या.